गादीखालचा व्हॅम्पायर

मागच्या महिन्यात शिकवणीच्या तासभर आधी माझ्या अकरावीतल्या एका विद्यार्थिनीची आई दारात येऊन उभी राहिली. बाहेर सांगलीचा तो तिरका पाऊस. छत्री असून बाई भिजल्या होत्या, हातातली कापडी पिशवी मात्र पदराखाली कोरडी. पिशवीत पाचशेवर पानांचं इंग्रजी पुस्तक. मुलीच्या गादीखाली सापडलेलं.

इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण कादंबरी वाचण्याइतकं नाही. म्हणून त्यांनी मोबाइलचा कॅमेरा पानावर धरून मराठी करून घेतलं होतं. एका पानावर त्या अडल्या.

“मॅडम, हे मशीन चुकतंय का बघा. ‘तिच्या ओठांवर’ म्हणायचं सोडून ‘त्याच्या ओठांवर’ म्हणतंय.”

“मशीन बरोबर आहे, वहिनी.”

मिनिटभर नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाल्या, “आणि ह्यातला एकजण रक्त पितो.”

“हो. पण उंदरांचं.”

“उंदरांचं होय,” असं म्हणून त्या खुर्चीवर टेकल्या, आणि का कोण जाणे, चेहरा जरा सैल झाला.

त्या दुपारी चहा घेता घेता मी त्यांना जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे जरा सलग लिहिते. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलं व्हॅम्पायरच्या प्रेमकथा वाचतात, त्यातही दोन मुलग्यांच्या किंवा दोन मुलींच्या, आणि घरच्यांना ‘आधी घाबरायचं कशाला, दातांना की प्रेमाला’ हेच उमगत नाही.

पुस्तक होतं रेनबो रॉवेल या अमेरिकन लेखिकेचं, २०१५ साली आलेलं ‘कॅरी ऑन’. इंग्लंडमधली जादूची शाळा, एका खोलीत राहणारे सायमन आणि बॅझ, दोघे हाडवैरी. बॅझ व्हॅम्पायर आहे अशी सायमनची खात्री, म्हणून एक अख्खं वर्ष तो त्याच्या मागावर. पाळत ठेवता ठेवता जे व्हायचं ते होतं. अशा पुस्तकांना ‘यंग अडल्ट’ म्हणतात. नायक-नायिका साधारण पंधरा ते अठराच्या, आणि आयुष्यात जे जे पहिल्यांदा घडतं त्याची गोष्ट. मराठीत हा कप्पा जवळजवळ रिकामाच आहे. आपण फास्टर फेणेवरून उडी मारतो ती थेट ‘मृत्युंजय’वर. मधली चार वर्षं मुलं काय वाचतात हे कुणी विचारत नाही, आणि मग ती पुस्तकं गादीखाली सापडतात.

‘क्वीअर’ हा अशा पुस्तकांना लावला जाणारा दुसरा शब्द. मूळ अर्थ विचित्र, तऱ्हेवाईक. इंग्रजीत ही शिवी होती. ज्यांना ती हासडली जायची त्यांनीच ती उचलून नाव म्हणून लावली. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा सगळ्यांना मिळून हा शब्द आता सरळपणे वापरतात.

आता व्हॅम्पायर. सांगलीकराला हे समजावणं सोपं आहे, कारण वि. स. खांडेकर इथलेच. त्यांचा ययाती आठवा. स्वतःचं तारुण्य टिकवायला पोटच्या पोराचं तारुण्य घेणारा राजा. त्याला दोन सुळे लावा आणि दिवसा झोपवा, झाला व्हॅम्पायर. दुसऱ्याच्या आयुष्यावर जगणारा, न म्हातारा होणारा, न मरणारा. आपला वेताळ या जातीतला नाही, जरी रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना त्याला ‘व्हॅम्पायर’च म्हटलं असलं तरी. आपला वेताळ कोडी घालतो, रक्त पीत नाही. माझ्या मते या पुस्तकांतल्या पोरगेल्या व्हॅम्पायरला खरा जवळचा मुंजा. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मेला, आणि पिंपळावर कायमचा त्याच वयात अडकला. ना धड मूल, ना धड माणूस, आणि मनात लग्नाची इच्छा तशीच. सतराव्या वर्षी अडकलेला व्हॅम्पायर म्हणजे सातासमुद्रापलीकडचा मुंजाच की.

पण या रक्तपिपासू प्राण्याचा समलिंगी प्रेमाशी संबंध आला कुठून? इथे आपली जुनी म्हण कामाला येते: लेकी बोले सुने लागे. जे तोंडावर बोलता येत नाही ते दुसऱ्याच्या नावावर बोलायचं. दोनशे वर्षं व्हॅम्पायर ही इंग्रजी साहित्यातली ती ‘लेक’ होती. दोन बायका एकमेकींवर जीव टाकतात असं लिहिलं असतं तर छापायला कोण धजावलं असतं? त्यातली एक भूत आहे म्हटलं, की छापता येतं. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना भुताची गोष्ट मिळते. उरलेल्यांना कळायचं ते कळतं.

याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे ‘कार्मिला’. शेरिडन ले फानू या डब्लिनच्या लेखकाची ही लघुकादंबरी १८७१-७२ मध्ये मासिकातून आली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’ या गाजलेल्या व्हॅम्पायर-कादंबरीच्या पंचवीस वर्षं आधी. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात, जंगलातल्या एका किल्ल्यात लॉरा नावाची मुलगी वडिलांबरोबर राहते. सोबतीला दाया-शिक्षिका, पण बरोबरीचं कुणी नाही. एका चांदण्या संध्याकाळी किल्ल्यासमोर घोडागाडी उलटते, आतली आई घाईत असते, आणि नाजूक तब्येतीची तरुण मुलगी लॉराच्या घरी ठेवून ती निघून जाते. ही कार्मिला. दुपारपर्यंत खोलीबाहेर पडत नाही, खायला कपभर चॉकलेट. लॉराचा हात हातात घेऊन बसते, गालावर ओठ टेकवते, तू माझी आहेस असं काहीबाही पुटपुटते.

लॉराची यावरची प्रतिक्रिया मला फार खरी वाटते. ती म्हणते की मला ओढही वाटायची आणि किळसही, दोन्ही एकाच वेळी. आणि मग तिच्या मनात एक विचार येतो: ही मुलगी नसून मुलीच्या वेषात घरात शिरलेला एखादा प्रियकर तर नसेल? जुन्या गोष्टींत असं वाचल्याचं तिला आठवतं. हे वाचताना मला हसू आलं. १८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भावेंनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा स्त्रीपात्रं पुरुषच करायचे. पुढे कित्येक दशकं आपल्या आजोबा-पणजोबांनी शालू नेसलेल्या पुरुषांवर जीव ओवाळून टाकला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिकडे बिचाऱ्या लॉराला उलटं करावं लागतं. आपल्याला एक मुलगी आवडते हे मान्य करण्यापेक्षा ती मुलगी वेषांतर केलेला मुलगा असेल, हे मानणं तिला सोपं जातं.

शेवट ठरलेला आहे. वडीलधारे पुरुष जमतात, कार्मिलाची कबर उघडतात, छातीत खुंटा ठोकतात, मुंडकं उडवतात, जाळतात, राख नदीत सोडतात. ही गोष्ट पुस्तकरूपात आली तीसुद्धा एका डॉक्टरच्या कागदपत्रांतलं प्रकरण म्हणून. प्रेमाची फाइल आजारांच्या कपाटात. पण अगदी शेवटच्या वाक्यात ले फानूने गंमत केली आहे. वर्षं लोटल्यावरही लॉराला मधूनच वाटतं, दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाचं हलकं पाऊल वाजलं. राख वाहून गेली, पाऊल राहिलं. नव्या शंभर पुस्तकांत मला या एका वाक्याच्या तोडीचं काही सापडलेलं नाही.

बायकांमधल्या संबंधांवर तेव्हा इंग्लंडात कायदा नव्हता. पुरुषांवर होता, आणि १८८५ मध्ये तो आणखी आवळला. त्याच कायद्याखाली १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर त्याला ओळखायचा. वाइल्डचा एकेकाळी जिच्यावर जीव होता, तिच्याशीच स्टोकरचं लग्न झालं होतं. वाइल्ड तुरुंगातून सुटला आणि ‘ड्रॅक्युला’ बाजारात आली, दोन्ही १८९७ च्या मे महिन्यात. त्या कादंबरीत तीन पिशाच्चिणी तरुण वकिलावर झुकतात तेव्हा काउंट ड्रॅक्युला त्यांना झटकून म्हणतो की हा माणूस माझा आहे. तेवढं एक वाक्य, आणि लगेच पडदा. पुढे हॉलिवूडमध्ये १९३४ पासून सेन्सॉरचे नियम कडक झाले, समलिंगी प्रेम दाखवायची बंदी आली, तरी १९३६ च्या ‘ड्रॅक्युलाज डॉटर’मध्ये एक काउंटेस एका गरीब मुलीला चित्रासाठी बसवते आणि नुसती बघत राहते. एवढ्या बघण्यावर लोकांनी काय ते ओळखलं.

इथवरचा हिशेब मात्र सरळ नाही. आडून बोलण्याची किंमत असते. व्हॅम्पायर म्हणजे समलिंगी माणूस, असं एकदा मनात बसलं की उलटंही बसतं: समलिंगी माणूस म्हणजे व्हॅम्पायर. रात्री येणारा, पोरांना नासवणारा, चावून आपल्यासारखं करणारा. १९८१ नंतर एड्सची साथ आली तेव्हा ‘यांच्या रक्तात विष आहे’ हे वाक्य गोष्टीतून उठून दवाखान्यात आलं. आपल्याकडे २०१७ च्या रक्तदात्यांसाठीच्या सरकारी निकषांत तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया यांचं रक्त सरसकट नको म्हटलं आहे. सांगलीने हा काळ जवळून पाहिला आहे. गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांमध्ये एचआयव्हीचं काम ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून सुरू केलं आणि त्यातून त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. तिची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की होतं ‘व्हॅम्प’. लोकांना नासवणारी बाई याच अर्थाचा हा शब्द व्हॅम्पायरवरूनच आलेला. ज्यांना तो चिकटवला जातो त्यांनीच तो पाटीवर लावला. ‘क्वीअर’चं जे झालं तेच.

गोष्टींमध्येही याच सुमारास कूस बदलली. १९७६ मध्ये ॲन राइसने व्हॅम्पायरला स्वतःची कहाणी स्वतः सांगू दिली. तिच्या कादंबरीतले लुई आणि लेस्टॅट दोघं मिळून एका लहान व्हॅम्पायर मुलीला वाढवतात, भांडतात, अगदी कंटाळलेल्या जोडप्यासारखे. १९९१ मध्ये ज्युएल गोमेझ या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘द गिल्डा स्टोरीज’ आली. त्यातली गिल्डा गुलामगिरीतून पळालेली मुलगी. बायकांवर प्रेम करणारी, शतकानुशतकं जगणारी. ती रक्त घेते पण जीव घेत नाही, आणि घेतल्याच्या बदल्यात त्या माणसाच्या मनात त्याला हवं असलेलं काहीतरी ठेवून जाते: एखादं स्वप्न, अडलेल्या गोष्टीचं उत्तर. रक्त पिणं ही देवघेव झाली. माझ्या हिशेबी इथे लेकीच्या नावावर बोलणं सुटलं आणि सून स्वतः बोलायला लागली.

मग २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ हे पुस्तक आलं आणि व्हॅम्पायर शाळेत जाऊ लागला. त्यातला एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत सतराव्या वर्षी अडकलेला. ती कथा मुलगा-मुलीचीच आहे, पण तिने पोरांच्या कपाटात व्हॅम्पायरची जागा पक्की केली, आणि बाकीचे त्या दारातून आत आले. २०१४ मध्ये कॅनडात ‘कार्मिला’चीच वेब मालिका झाली. लॉरा कॉलेजच्या हॉस्टेलवर, कार्मिला तिची रूममेट, कॅमेरा खोलीत एका जागी ठेवलेला, भाग जेमतेम पाच मिनिटांचे. पैसे दिले सॅनिटरी पॅडच्या एका ब्रँडने. रक्ताच्या गोष्टीला याहून चोख प्रायोजक मिळाला नसता. २०२२ मध्ये ‘फर्स्ट किल’ आली, जन्मजात व्हॅम्पायर असलेली ज्युलिएट आणि राक्षसांची शिकार करणाऱ्या घराण्यातली कॅलिओपी. वेगळ्या जातीच्या दोन घरांचं वैर म्हणा, आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच हंगामानंतर मालिका बंद झाली, ते सोडा.

या सगळ्यांत खरा बदल काय, तर ‘दात’ आणि ‘प्रेम’ वेगळे झाले. ‘कॅरी ऑन’मधला बॅझ कुणासमोर जेवत नाही, कारण घास घेतला की सुळे बाहेर येतात. शाळेच्या तळघरात जाऊन गुपचूप उंदीर पकडतो. सायमन त्याला आवडतो हे त्याचं दुसरं गुपित. पण पुस्तक या दोन गुपितांची सरमिसळ करत नाही. सुळे ही अडचण आहे, आणि सायमन हे सुख. कार्मिलाच्या वेळी दोन्ही एकच होतं, म्हणून दोन्ही एकदम जाळावं लागलं.

सोळा वर्षांच्या वाचकाला हे इतकं का भिडतं, तेही त्या जेवणाच्या प्रसंगात आहे. अंग न विचारता बदलतंय, भूक कसली ते नीट कळत नाही, घरच्यांना काही सांगता येत नाही, डबासुद्धा एका कोपऱ्यात तोंड फिरवून खायचा. हे वाटायला समलिंगी असावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या पंधरापैकी पंधरा तसेच बसतात.

आणि एक नियम. व्हॅम्पायर बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ‘ड्रॅक्युला’तही हे आहे. आपल्याकडची हाकामारी अशीच, रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणार, आणि पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे आजीने शिकवलेलं. जुन्या गोष्टीत हा नियम भीतीचा होता. नव्या पुस्तकांनी तो संमतीचा केला: विचारल्याशिवाय जवळ यायचं नाही, नाही म्हटलं तर दाराबाहेरून परत जायचं. प्रेमाच्या गोष्टीत हे इतक्या सहज सांगता येतं याचं मला कौतुक वाटतं. ट्यूशनला येणाऱ्या मुलग्यांना तेच पाठ्यपुस्तकातून सांगायला गेले तर माना खाली घालून हसतात.

सगळीच पुस्तकं चांगली आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. काही इतकी गुळचट असतात की व्हॅम्पायरच्या जागी बँकेतला कारकून ठेवला तरी चालेल. शंभर वर्षांचा जीव शाळकरी पोरीच्या किंवा पोराच्या मागे लागतो, हेही मला खटकतं, दिसायला तो सतराचा असला तरी. नव्या लेखकांना ते कळलंय, म्हणून ज्युलिएटसारखे व्हॅम्पायर आता खरोखरच सोळा वर्षांचे असतात.

वहिनींनी सगळं ऐकून विचारलं, “शेवटी मरतात का दोघं?”

प्रश्न बरोब्बर होता. समलिंगी पात्राला शेवटच्या पानावर मारायचं ही लेखकांची जुनी खोड आहे. तेंडुलकरांच्या १९८१ च्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा आठवा. एका मुलीवर धीटपणे प्रेम करणारी, आणि शेवटी जीव देणारी. वेळेआधी केवढं धाडसी नाटक, पण मित्राला जगवणं त्यालाही जमलं नाही. इथे व्हॅम्पायरचा एक फायदा आहे. तो आधीच मेलेला असतो. मरण त्याच्या गोष्टीच्या सुरुवातीला घडून गेलेलं असतं, त्यामुळे शेवटाला लेखकाला दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

“नाही मरत,” मी म्हटलं. “बॅझ मात्र मधे एकदा आगीत बसून राहतो. व्हॅम्पायर लगेच पेटतात. सायमन तिथे जाऊन त्याचं चुंबन घेतो. तुमच्या मोबाइलने वाचलं ते बहुतेक तेच असेल.”

“आणि लग्न?”

तिकडे होतं, म्हटलं. आपल्याकडे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम सज्ञान माणसांच्या खासगी संमतीपुरतं तरी ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने बाजूला केलं. म्हणजे गुन्हा राहिला नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिला नाही, ते संसदेवर सोडलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी भर पावसात आल्या होत्या. आमची ही तशी आहे का हो?

मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पुस्तकावरून कळत नाही. मी शाळेत असताना डाकूंच्या गोष्टी वाचायचे. एवढंच म्हटलं, की तुम्हीही उंबऱ्याबाहेर थांबा, ती आत बोलवेपर्यंत.

चहा संपला. साडेचारला मुलं यायची, त्यात त्यांची मुलगीही. घाईघाईने पुस्तक पिशवीत टाकताना पानांतून काहीतरी घरंगळलं. एसटीचं तिकीट, सांगली-मिरज, घडी घालून बारीक केलेलं. खूण म्हणून ठेवलेलं. त्यांचा चेहरा पडला. “कुठल्या पानावर होतं हे? तिला कळणार मी घेतलं होतं.”

दोघी पुस्तकावर वाकलो. पाचशे पानं, मी एका बाजूने, त्या दुसऱ्या बाजूने. पेन्सिलीची खूण नाही, कोपरा दुमडलेला नाही. पोरगी टापटिपीची. शेवटी वहिनींनाच सापडलं. एका पानाच्या कडेला अंगठ्याएवढा पिवळट डाग, तेलाचा, हळदीचा. त्यांनी पान नाकाशी नेलं.

“भडंग,” म्हणाल्या. “परवा रात्री मी जेवायला बोलावत होते, ही दार लावून बसली होती.”

तिकीट त्या पानात ठेवलं, घडी होती तशीच. पुस्तक पदराखाली घेऊन त्या मागच्या बोळाने गेल्या, म्हणजे शिकवणीला येणारी मुलगी वाटेत भेटायला नको.